एक कादंबरी, पाच जण, पंधरा दिवस

परवा धरमपेठेत एका स्नेह्यांकडे चहाला गेलो होतो. तिथे त्यांचे जावई बसले होते. त्यांनी मला आपणहून सांगितलं की ते साडेतीनशे पानांची कादंबरी एका बैठकीत संपवतात.

मी विचारलं, "आणि मग काय करता?"

ते म्हणाले, "दुसरी घेतो."

माझं डोकं तिथेच फिरलं. कादंबरी काय केळी आहेत का, की एक संपलं की साल टाकून दुसरं घ्यावं? वीस मिनिटं भांडलो. घरी येताना बायको म्हणाली, "आपल्याला एक जावई आहे ना, मग दुसऱ्यांच्या जावयांशी कशाला भांडता?"

पण माझं एक आहे. भांडण झालं की मला पुरावा लागतो. पस्तीस वर्षं वार्ताहर म्हणून काढल्यावर ही खोड जात नाही. आणि वाचण्याच्या वेगाबद्दलचा पुरावा शोधायला बसलो की हाताला किस्सेच लागतात. जुन्या अंकांच्या गठ्ठ्यातून एक ओढावा आणि चार अंगावर पडावेत, तसं होतं. त्या जावयांना मी हे सगळं सांगणार होतो, पण त्यांना दुसरी कादंबरी वाचायची होती. म्हणून तुम्हाला सांगतो.

*

आमचं दैनिक नागपुरातलं. नाव सांगत नाही, कारण तिथले काही जण अजून मला रस्त्यात भेटतात. काळ साठच्या दशकाच्या शेवटचा आणि सत्तरच्या सुरुवातीचा, म्हणजे शिशाचे खिळे एकेक अक्षर करून हाताने जुळवायचे आणि त्यावर छपाई व्हायची, तेव्हाचा.

धरमपेठेत कादंबऱ्या वाचायला देणारं एक वाचनालय होतं. सभासदाला एका वेळी एक पुस्तक, मुदत पंधरा दिवस. मालक शिस्तीचे होते. सभासदांची त्यांची यादी भरलेली असायची आणि कोणी सोडून गेल्याशिवाय ते नवीन नाव घेत नसत. कसंबसं आम्हाला एक सभासदत्व मिळालं आणि ते आम्ही ऑफिसातल्या पाच जणांनी मिळून घेतलं. पाच जण, पंधरा दिवस. प्रत्येकी तीन दिवस. गणित तिसरीतलं आहे.

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद टाचलेला असायचा. त्यावर पाच नावं. वाचून झालं की आपलं नाव खोडायचं आणि पुस्तक पुढच्याच्या हातात द्यायचं. कोणाचा नंबर कितवा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि मग तेच कायम राहिलं.

पहिले बापूसाहेब, आमचे मुख्य उपसंपादक. दुसऱ्या कुसुमताई, टेलिफोन बोर्डावर बसायच्या. तिसरे नत्थूजी, कंपोझिंग खात्याचे फोरमन. चौथा दामुअण्णा, प्रूफखात्यातला. पाचवा मी.

सगळी भानगड शेवटच्या दोन नावांत होती. दामुअण्णा तीन दिवसांत पुस्तक कधीच देत नसे. सहा सहा दिवस ठेवायचा. त्यामुळे पुस्तक माझ्या हातात यायचं ते परत करण्याच्या दिवशी. मी या मंडळाचा दोन वर्षं सभासद होतो आणि त्या दोन वर्षांत एकही कादंबरी मी पूर्ण वाचली नाही. सुरुवाती तेवढ्या मला पुष्कळ ठाऊक होत्या.

*

बापूसाहेबांपासून सुरू करतो.

त्यांना एक कादंबरी वाचायला एक चहा लागायचा. कपातला चहा बशीत ओतून पिणारा माणूस, म्हणजे साधारण चाळीस मिनिटं धरा. उपसंपादकाचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या मजकुराला कात्री लावण्यात जातो. बातमीचा जीव पहिल्या परिच्छेदात असतो आणि खाली नुसता तपशील असतो, यावर त्यांची इतकी श्रद्धा होती की कादंबरीसुद्धा ते तशीच वाचायचे. प्रत्येक प्रकरणाचा पहिला परिच्छेद वाचायचे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे.

एकदा मी त्यांना विचारलं की कादंबरीतल्या त्या थोरल्या भावाचं शेवटी काय झालं. ते म्हणाले, "वारला असावा. एकविसाव्या प्रकरणापासून त्याचं नाव वर येत नाही."

बरं, चाळीस मिनिटांत वाचून झालं म्हणून पुस्तक पुढे दिलं, असंही नाही. तीन दिवस म्हणजे तीन दिवस! उरलेला वेळ ते पुस्तक त्यांच्या टेबलावर टेलिप्रिंटरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं असायचं. आम्ही तक्रार केली तर म्हणायचे, "माझा नंबर आहे. मी वाचीन नाहीतर उशाला घेईन."

आणि हातात निळी पेन्सिल असायचीच. वाचता वाचता हात आपोआप चालायचा. सूर्यास्ताचं वर्णन आलं की आडवी रेघ. नायिका खिडकीत उभी राहून विचार करू लागली की आडवी रेघ. एका कादंबरीत तर त्यांनी नायकाचं सगळं बालपण काढून टाकलं होतं आणि समासात लिहिलं होतं, "जागा नाही."

वाचनालयाच्या मालकांनी मला बोलावून ते पुस्तक दाखवलं. मी खजील झालो. माफी मागणार, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एक बाई मालकांना म्हणाल्या, "त्या निळ्या रेघांवाल्यांनी वाचलेलं अजून एखादं असेल तर मला तेच द्या. स्वयंपाक सांभाळून होतं."

*

कुसुमताई मात्र खऱ्या वाचक. पण त्यांचं वाचन टेलिफोनच्या घंटीवर अवलंबून. एक वाक्य वाचायचं, फोन जोडून द्यायचा, पुढचं वाक्य वाचायचं. गावात काही मोठं घडलं की त्यांची कादंबरी अडायची, आणि गाव शांत असलं की धावायची. मी बाहेरून आलो की त्यांच्याकडे बघून ओळखायचो. पुस्तकात बरीच पुढे गेलेली बाई दिसली, म्हणजे आज पहिल्या पानाला बातमी नाही.

तेव्हा बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. ट्रंकच्या बोर्डावरच्या बायका आणि कुसुमताई यांची वर्षानुवर्षांची ओळख, पण तोंडं कोणी कोणाची पाहिलेली नव्हती. लाइन लागेपर्यंत वेळ जायचा. त्या वेळात कुसुमताई त्यांना कादंबरी सांगायच्या. काल कुठपर्यंत आलो होतो, आज काय झालं, अशी.

एकदा अधिवेशनाचे दिवस होते आणि संपादकांनी मुंबईला तातडीचा कॉल लावायला सांगितला होता. पलीकडे कोणी मोठे गृहस्थ होते. संपादक रिसीव्हर कानाला लावून बसले. दहा मिनिटं गेली. अखेर रिसीव्हरमधून आवाज आला तो कुसुमताईंचा. त्या ट्रंकवालीला सांगत होत्या की तो मुलगी बघायला आला आणि तिच्या धाकट्या बहिणीला पसंत करून गेला.

संपादक केबिनचं दार उघडून बाहेर आले. रागीट माणूस. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. ते सरळ टेलिफोन बोर्डापाशी गेले, क्षणभर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मग मोठीने काय केलं?"

त्या दिवसापासून रोज चार वाजता केबिनमधून बोर्डावर एक फोन यायचा. आम्ही म्हणायला पाच होतो.

*

नत्थूजी खिळे जुळवणारे. ही माणसं तीस वर्षं उलटी अक्षरं वाचत असतात, त्यामुळे त्यांना पुस्तक कुठल्या बाजूने आहे याचं काही वाटत नाही. सरळ, उलटं, आडवं, सगळं सारखं.

कुसुमताईंचा नंबर चालू असला की नत्थूजी काही ना काही निमित्ताने बोर्डासमोर येऊन उभे राहायचे. काउंटरच्या अलीकडे ते, पलीकडे ताई, मध्ये उघडं पुस्तक. ताई सरळ वाचायच्या आणि नत्थूजी उलट्या बाजूने, तेही त्यांच्यापेक्षा भरभर. पानाच्या शेवटी पोचले की थांबायचे. बोटांनी काउंटर वाजवायचे. मग म्हणायचे, "पलटवा ना वं ताई, माह्यं केव्हाचं झालं."

ताई चिडायच्या. एकदा त्यांनी पुस्तक आडवं धरलं. नत्थूजी म्हणाले, "तसंबी चालते."

अशाने त्यांचा स्वतःचा नंबर येईस्तोवर कादंबरी वाचून झालेली असायची. तरी ती हक्काने तीन दिवस घरी न्यायचे. मी विचारलं तर म्हणाले की पहिल्यांदा उलटी वाचली, आता सरळ वाचून पाहतो, काही फरक पडतो का. दुसऱ्या दिवशी आले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "सरळ वाचल्यानं मजा नाई येत जी. नजर घसरून जाते."

त्यांच्या मेहुण्याचं गाव कुहीकडे. एकदा बसने तिकडे चालले होते आणि खिडकीशी बसून मांडीवर उलटं पुस्तक घेऊन वाचत होते. कंडक्टरने पाहिलं. धोतर, टोपी, हातात उलटं पुस्तक. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा वाचता येत असल्याचा आव आणतोय. त्याने भल्या मनाने, पण सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं की काकाजी, पुस्तक उलटं आहे.

नत्थूजींनी मान वर केली नाही. म्हणाले, "तुले उलटं दिसून राहिलं असन तं तू इकडून येऊन उभा राह्य गा."

*

आता माझं स्वतःचं सांगतो. दुसऱ्यांची लफडी छापायची आणि आपली झाकायची, हे मला कधी जमलं नाही.

माझ्याकडे कोर्टाचं काम असायचं. पुस्तक परत करायच्या दिवशी माझ्या हातात पडायचं, त्यामुळे मी ते कोर्टाच्या व्हरांड्यात वाचायचो. निकालाला वेळ लागला की मी खूश. इतर वार्ताहर न्यायाधीशांच्या नावाने बोटं मोडायचे आणि मी मनात म्हणायचो, लागू द्या अजून अर्धा तास.

असाच एक सायकलचोरीचा खटला होता. आरोपीचं नाव शंकर. मी ज्या कादंबरीत अडकलो होतो तिच्या नायकाचं नाव विनायक, आणि तो त्या वेळी फार मोठ्या संकटात होता. नायिकेच्या बापाने त्याला घराबाहेर काढलं होतं. तेवढ्यात पुकारा झाला. मी बोट पानात ठेवून आत गेलो, निकाल ऐकला, बाहेर येऊन आणखी पाच पानं वाचली, पुस्तक वाचनालयात टाकलं आणि ऑफिसात जाऊन बातमी लिहून दिली. विनायकचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं. दिवसभर तोच डोक्यात.

संध्याकाळी दामुअण्णा प्रूफाचा लांब कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. हा माणूस कधी मोठ्याने बोलायचा नाही, म्हणजे कामाबाहेर नाही. बापूसाहेब समोरच बसले होते. त्याने त्यांच्याकडे पाठ केली, कागद माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "आरोपी विनायक यास सहा महिन्यांची सक्तमजुरी."

दामुअण्णा वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "वसंतराव, याला आत नका टाकू. शेवटी याचं लग्न होते."

मी नाव बदललं. त्या माणसाने माझी नोकरी वाचवली असेल, मी नाही म्हणत नाही. पण शेवट सांगितला की नाही?

*

तेव्हापासून माझा राग जास्तच वाढला. उपकार करणाऱ्यावर माणूस जसा चिडतो तसा दुसऱ्या कोणावर चिडत नाही. सहा दिवस आधी पुस्तक घेऊन हा बसतो, शेवट याला पाठ, आणि मला विचारायची सोय नाही.

मी रीतसर अर्ज लिहिला. फुलस्केपची दोन पानं. त्यात मंडळाची स्थापना, हेतू, नियम, नियमभंगाचा इतिहास आणि पाचव्या सभासदावर होणारा अन्याय, असं सगळं मुद्देसूद मांडलं होतं. बापूसाहेबांनी अर्ज हातात घेतला, निळी पेन्सिल काढली आणि मला परत दिला. उरलं होतं ते एवढंच: "दामुअण्णा हळू वाचतो. काढा."

मग बैठक झाली, कॅन्टीनमध्ये, चहावर. मी बाजू मांडली. नत्थूजी म्हणाले की राहू द्या ना जी, कोणाची बैलगाडी असते, कोणाची मोटार. कुसुमताई म्हणाल्या, आधी त्याला विचारा तरी. म्हणून दामुअण्णाला बोलावलं.

तो खुर्ची असूनही उभाच राहिला. मी त्याची उलटतपासणी घेतली. दिवसभर प्रूफखात्यात ज्याच्या डोळ्यांखालून शेकडो ओळी जातात, त्या माणसाला एका कादंबरीला सहा दिवस कसे लागतात? तो म्हणाला, "घरी थोडा वेळ लागते." मी म्हटलं, काय करतोस घरी? पाठ करतोस? त्याने टेबलावरचा कप सरळ करून ठेवला. मी म्हटलं, एक तर कारण सांग, नाहीतर नियम पाळ. तरी गप्प. मला गप्प बसणाऱ्या साक्षीदाराचा फार राग येतो.

ठरलं असं की पुढचं पुस्तक दामुअण्णाने तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या हातात द्यायचं. दिलं तर नाव राहील. नाही दिलं तर कागदावर चारच नावं. वाचनालयाची यादी भरलेली होती, तेव्हा इथून नाव गेलं की त्याला दुसरीकडून कादंबरी मिळण्याचा मार्ग नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि मीच ठराव मांडला.

दामुअण्णा म्हणाला, "बरं." मग जाता जाता वळला आणि त्याने एवढंच विचारलं की त्या तीन दिवसांत एक रविवार आला तर चालेल का.

मी म्हटलं, चालेल. नियमात बसतं.

*

पुस्तक त्याला शुक्रवारी संध्याकाळी मिळालं. रविवार त्याच्या वाट्याला आला. सोमवारी तिसरा दिवस, आणि सोमवारी दामुअण्णा ऑफिसात आलाच नाही. चिठ्ठी आली की घसा बसला आहे, आवाज निघत नाही, रजा द्यावी.

दुसऱ्या कोणाचा घसा बसला तर तो ऑफिसात येऊन काम करू शकतो. दामुअण्णाला ते शक्य नव्हतं, कारण घसा हेच त्याचं काम. प्रूफखात्यात दोघं दोघं बसायचे. एकाच्या हातात छापलेलं प्रूफ, दुसऱ्याच्या हातात मूळ मजकूर. दुसरा मजकूर मोठ्याने वाचणार आणि पहिला प्रूफाशी ताडून बघणार. काही सुटू नये म्हणून वाचणाऱ्याने कागदावर आहे ते सगळं वाचायचं, खुणांसकट. "मंत्री म्हणाले कॉमा कोट सुरू पाणी येईल फुलस्टॉप कोट बंद नवा पॅरा." दामुअण्णा वीस वर्षं हे वाचत होता. दिवसभर त्या खोलीतून आवाज यायचा, गिरणी चालू असावी तसा, आणि तो मध्येच थांबला तर आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. त्या सोमवारी ऑफिसभर चुकल्यासारखं होत होतं.

पण नियम तो नियम. दुपारी मी म्हटलं, आज पुस्तक येत नाही, म्हणजे नाव गेलं. कुसुमताई म्हणाल्या, "वसंतराव, माणूस आजारी आहे. संध्याकाळ अजून झालेली नाही. तुमच्या हातात पडायला पाहिजे ना? मग हात घेऊन तिकडे जा."

काय न्याय आहे बघा! फिर्यादीनेच आरोपीच्या घरी जाऊन त्याला वाचवायचं. तरी मी सायकल काढली.

दामुअण्णाचं घर सक्करदऱ्याला, तलावापासून फार लांब नाही. दोन खोल्या आणि पुढे ओसरी. तो गळ्याला मफलर गुंडाळून खाटेवर बसला होता. मला पाहताच उठला. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको बसली होती, पुढ्यात परात, हात कोपरापर्यंत पिठात. पापडांची ऑर्डर होती. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. कुहीकडच्या, शेतकरी घरातल्या. मी ऑफिसातला आहे कळल्यावर त्यांनी कोपरानेच पदर सावरला आणि, "या भाऊजी, बसा," म्हणाल्या.

दामुअण्णाने एक शब्द न बोलता, म्हणजे बोलता येतच नव्हतं, फळीवरून पुस्तक काढलं. वर्तमानपत्राचं वेष्टण घालून तयारच ठेवलं होतं. मागचा कागद उघडून त्याने माझ्यादेखत आपलं नाव खोडलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. घड्याळात साडेपाच झाले होते. नियमाप्रमाणे सगळं झालं. मी जिंकलो की हरलो हे मला कळेना, पण पुस्तक हातात होतं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच माझे तीन दिवस पूर्ण होते.

"काहून जी?" वहिनी त्याला म्हणाल्या. "चाळीस पानं राह्यली ना अजून. दिऊन काहून राहिले?"

दामुअण्णाने हाताने खूण केली की असू दे.

"असू दे काय? काल हे मंधातच थांबले. पोरगी स्टेशनवर उभी हाये, गाडी सुटून राहिली, अन् यायचा घसा गेला. रातभर माह्या डोक्यात ते पोरगी."

मी दामुअण्णाकडे पाहिलं. तो मफलरची गाठ नीट करू लागला.

मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं. कादंबरी हा एकटा वाचतच नव्हता. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचा आणि वहिनी काम करता करता ऐकायच्या. मी विचारलं की वहिनी, तुम्हाला वाचता येतं ना? त्या म्हणाल्या, येतं की, चौथी पास आहे. पण हात रिकामे कुठे असतात? आणि स्वतः वाचलं की लवकर संपून जातं.

मी पुस्तक मांडीवर घेऊन बसलो.

"तुमी ऑफिसातले न भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मंग तुमीच वाचा ना तेवढं. चहा ठेवतो मी."

आता खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. कॉलेजात मी नाटकांतून कामं केली होती. आवाज चांगला आहे असं त्या वेळी लोक म्हणायचे. आणि चाळीस पानं म्हणजे किती? मी विचार केला की तासाभरात संपवू, एकदाची त्या पोरीची गाडी सुटू दे, यांना शेवट कळू दे, आणि पुस्तक घेऊन घरी जाऊ. दामुअण्णाला सहा दिवस लागतात, मी एका संध्याकाळी दाखवून देतो.

चहा झाला. वहिनी पुन्हा परातीपाशी बसल्या. दामुअण्णाने खूण घातलेलं पान काढून दिलं आणि तो माझ्या शेजारी बसला. मी घसा साफ केला आणि सुरू केलं.

छान वाचत होतो. पोरीच्या जागी पोरीचा आवाज, तिच्या बापाच्या जागी बापाचा. वेग असा की स्टेशनातून गाडी सुटावी. दोन पानं झाली, तीन झाली. माझ्या ध्यानात आलं की पिठाचा आवाज थांबलाय. मला वाटलं, रंगल्या. मी आणखी जोर लावला. पाचव्या पानावर वर पाहिलं तर वहिनी हात परातीत तसेच ठेवून माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत होत्या. चेहरा असा, जसं दूधवाल्याने डोळ्यांदेखत पाणी घालावं.

"हे भाऊजी गाळून गाळून वाचून राहिले जी," त्या त्याला म्हणाल्या.

मी म्हटलं, वहिनी, एक अक्षर गाळलेलं नाही. पुस्तक समोर आहे. दामुअण्णा बघतोय, विचारा त्याला.

दामुअण्णा जमिनीकडे बघत होता.

"गाळलं नाई कसं?" वहिनी म्हणाल्या. "वीस वर्सं झाली आयकून राहिलो मी. कॉमा नाई, फुलस्टॉप नाई. कोट सुरू नाई, कोट बंद नाई. बाप कुठं बोलून राहिला अन् पोरगी कुठं, मले काय समजाव? नवा पॅरा तं एकबी नाई आला अजून. अर्धं पुस्तक खाल्लं तुमी."

दामुअण्णाने एकदा तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"घाई असन तं राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा पीठ मळू लागल्या. "पण वाचाचं असन तं सगळं वाचा."

मी पाच पानं मागे गेलो. दामुअण्णा जवळ सरकला आणि त्याने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"नवा पॅरा," मी वाचू लागलो. "ती स्टेशनवर आली कॉमा..."